विडी नवऱ्याच्या ओठात, धूर बायकोच्या पेशीत! तंबाखूच्या धुरानं स्तनाच्या पेशींत नेमकं काय बिघडतं?

सोलापूर : ‘आमच्या आईनं उभ्या जन्मात विडी ओढली नाही, मग तिच्या छातीत गाठ आली कुठनं?’ स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालेल्या घरात हा प्रश्न हमखास निघतो. कुणी नशिबावर ढकलतं, कुणी छातीला कधीतरी लागलेल्या माराची आठवण काढतं. मार लागल्यानं कॅन्सर होत नाही, हे डॉक्टर सांगून थकले. तरी प्रश्न चुकीचा नाही. बाई ओढत नसेल, पण घरात ओढणारा कुणी होता का, आणि किती वर्षं, हे मात्र क्वचितच विचारलं जातं.

स्तनाचा कॅन्सर एकाच कारणानं होत नाही. वय, घराण्यातून आलेली जनुकं, पाळी कधी आली आणि कधी गेली, मुलं किती आणि कोणत्या वयात झाली, वजन, दारू अशी बरीच कारणं त्यात असतात. तंबाखूचा धूर हे त्यातलं एक. पण वय आणि जनुकं आपल्या हातात नसतात, धूर असतो. म्हणून तो छातीपर्यंत जातो कसा आणि तिथं करतो काय, हे नीट समजून घ्यायला हवं.

फुफ्फुसातला धूर छातीत कसा जातो?

तंबाखू जळताना ७,००० हून जास्त रसायनं तयार होतात. त्यातली सत्तरच्या आसपास कॅन्सर करणारी म्हणून माहीत आहेत. धूर फुफ्फुसात गेला की ही रसायनं तिथून रक्तात उतरतात, आणि रक्त जिथं जातं तिथं ती जातात. विडी ओढणाऱ्याला जशी ती मिळतात तशीच शेजारी बसलेल्यालाही मिळतात, प्रमाण कमी एवढंच. विडीच्या जळत्या टोकातून आपोआप निघणारा धूर तर काही विषांच्या बाबतीत ओढलेल्या धुरापेक्षाही जहाल असतो, कारण झुरका नसताना तंबाखू कमी आचेवर अर्धवट जळते.

स्तनात चरबी भरपूर असते. धुरातली बरीच घातक रसायनं तेलकट स्वभावाची असतात, पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत मात्र मुरतात. कपड्यावर पडलेला वंगणाचा डाग साध्या पाण्यानं जात नाही, तसं काहीसं. त्यामुळं ती छातीतल्या चरबीत साठून राहू शकतात, आणि दुधाच्या नळ्या नेमक्या याच चरबीतून गेलेल्या असतात.

हा नुसता तर्क नाही. १९७८ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी सिगारेट ओढणाऱ्या, पण बाळाला पाजत नसलेल्या बायकांच्या स्तनाग्रातून निघणारा थेंबभर द्राव तपासला. त्यात निकोटिन सापडलं. अंगावर पाजणाऱ्या आईच्या दुधातही ते उतरतं. म्हणजे धुरातला माल छातीपर्यंत पोचतो, यात शंका राहिलेली नाही.

सोलापुरी चादर आणि एक चुकीचं भोक

पोचल्यावर पुढं काय होतं, हे सोलापूरकरांना चादरीच्या मागावरून चटकन कळेल. जॅकार्डच्या मागावर नक्षी कशी उमटते? पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडलेली असतात. भोक असेल तिथं एक धागा वर जातो, नसेल तिथं खाली राहतो. मोर असो की फुलांची वेल, सगळी नक्षी त्या कार्डांत असते. एक भोक चुकीच्या जागी पडलं की त्या कार्डावर निघणाऱ्या प्रत्येक चादरीत तीच चूक येते.

आपल्या प्रत्येक पेशीत अशीच एक कार्डांची माळ असते, तिला डीएनए म्हणतात. त्यात ए, टी, जी आणि सी या चारच अक्षरांत लिहिलेली सुमारे ३०० कोटी अक्षरांची सूचना असते. पेशी दोन होताना ही सगळी सूचना नव्यानं उतरवून घेतली जाते.

धुरात बेंझोपायरीन नावाचं रसायन असतं. लाकूड, कोळसा, तंबाखू, काहीही अर्धवट जळलं की ते तयार होतं. ते पेशीत शिरलं की पेशी त्याला बाहेर काढायला बघते. तेलकट असल्यामुळं ते सहज निघत नाही. म्हणून पेशीतली एन्झाइमं त्याला पाण्यात विरघळेल असं बनवायला घेतात. गोम इथंच आहे. ही सफाई चालू असताना मधल्या टप्प्यावर त्या रसायनाचं एक भलतंच चिकट रूप तयार होतं, आणि ते थेट डीएनएच्या ‘जी’ या अक्षराला जाऊन डकतं. म्हणजे घर झाडायला घेतलं आणि झाडूनंच आग लावली, अशातला प्रकार.

‘जी’ला असा गोळा चिकटला की उतरवून घेणाऱ्या यंत्रणेला ते अक्षर नीट वाचता येत नाही. ती अंदाजानं दुसरंच अक्षर घालते. बहुतेक वेळा ‘जी’च्या जागी ‘टी’ येतो. झालं, कार्डावर चुकीचं भोक पडलं. आता त्या पेशीच्या लेकी, नाती, पणत्या सगळ्या तीच चूक घेऊन जन्मणार.

मग प्रत्येक धुरकट घरात कॅन्सर का होत नाही? कारण पेशीकडं दुरुस्तीची माणसं आहेत. काही प्रथिनं डीएनएवरून फिरत असतात. गोळा चिकटलेला दिसला की त्याच्या आजूबाजूची पंचवीस-तीस अक्षरं कापून टाकतात आणि समोरच्या धाग्यावरून पाहून पुन्हा बरोबर भरतात. हे काम आपल्या अंगात रात्रंदिवस चालू असतं. शिवाय पी-५३ नावाचं एक जनुक आहे. मागावरचा जॉबर जसा गडबड दिसली की माग बंद करतो, तसं हे जनुक बिघडलेल्या पेशीला वाढायचं थांबवतं. दुरुस्ती होत नसेल तर त्या पेशीला मरायला लावतं.

धूर रोजचाच असला की मात्र दुरुस्तीवर ताण येतो. त्यातून एखादी चूक खुद्द पी-५३ मध्येच झाली तर जॉबरच गेला. माग चुकीच्या कार्डावर धडधड चालू राहतो आणि बंद करणारा कुणी नाही. १९९६ साली एका गाजलेल्या प्रयोगात फुफ्फुसाच्या पेशींवर बेंझोपायरीनचं ते चिकट रूप सोडून पाहिलं. पी-५३ मध्ये ते ज्या ज्या जागी चिकटलं, धूम्रपान करणाऱ्यांच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये नेमक्या त्याच जागा बिघडलेल्या आढळतात. तो प्रयोग फुफ्फुसाचा होता. पण असे गोळे चिकटलेला डीएनए स्तनाच्या पेशींतही सापडलेला आहे, आणि स्तनाच्या कॅन्सरच्या साधारण तीनपैकी एका गाठीत पी-५३ बिघडलेलं असतं. अर्थात ते दर वेळी धुरानंच बिघडतं असं नाही.

धुरात ॲमिनोबायफिनाइल नावाचं आणखी एक विष असतं. त्याचा निपटारा यकृतातलं एक एन्झाइम करतं. हे एन्झाइम काहींचं जन्मतःच जलद चालतं, काहींचं संथ. संथ असणाऱ्या बायकांनी धूम्रपान केलं तर त्यांना स्तनाच्या कॅन्सरचा धोका जास्त दिसतो, असं बऱ्याच अभ्यासांत आढळलं. एकाच घरात, एकाच धुरात दोन जावा राहतात, एकीला काही होत नाही आणि दुसरीला होतं. त्याचं एक कारण असं अंगातच असू शकतं. ‘अमक्याच्या आजीनं नव्वदीपर्यंत विड्या ओढल्या, तिला काय झालं?’ असं पारावर सांगणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

निकोटिनचं काम वेगळं

निकोटिन अक्षरं फारशी बिघडवत नाही. ते व्यसन लावतं. पण तेवढ्यावर थांबत नाही, असं आता दिसू लागलंय. पेशीच्या अंगावर काही कुलपं असतात, त्यात निकोटिनची किल्ली बसते. मेंदूत ती बसली की तरतरी येते. तशीच कुलपं स्तनाच्या पेशींवरही असतात. तैवानच्या संशोधकांनी २०१० साली दाखवलं की निरोगी भागापेक्षा कॅन्सरच्या गाठीत अशी एका प्रकारची कुलपं जास्त असतात, आणि निकोटिन दिलं की प्रयोगशाळेतल्या पेशी जोमानं वाढतात. म्हणजे एकीकडं धुरातली बाकीची रसायनं चुका करतात आणि दुसरीकडं निकोटिन त्या चुकलेल्या पेशीला ‘वाढ’ म्हणून सांगतं. हे काचेच्या बशीतलं आणि उंदरांवरचं काम आहे. माणसाच्या अंगात ते किती घडतं, ते अजून मोजलं जातंय.

सगळ्यात नाजूक वर्षं कोणती?

इथं आईबापांनी जरा थांबून वाचावं. मुलीला पाळी आल्यापासून पहिलं बाळंतपण होईपर्यंत स्तनातल्या पेशी अर्ध्या कच्च्या असतात. दर महिन्याला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोन्सच्या हुकमानं त्या वाढतात, दोनाच्या चार होतात. पेशी जितकी भराभर विभागते, तितका दुरुस्तीला वेळ कमी मिळतो आणि चूक पक्की होण्याची शक्यता वाढते. पहिल्या पूर्ण दिवसांच्या गरोदरपणात या पेशी दूध तयार करण्यासाठी पक्व होतात. मग त्या तितक्या चंचल राहत नाहीत.

म्हणूनच अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या २०१३ मधल्या मोठ्या अभ्यासात, पहिलं मूल होण्याआधीच सिगारेट सुरू केलेल्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचा धोका कधीच न ओढणाऱ्यांपेक्षा सुमारे २१ टक्के जास्त निघाला. हा आकडा वाचून घाबरायचं कारण नाही, पण अर्थ नीट समजून घ्या. शंभरातल्या २१ जणींना कॅन्सर होतो असा त्याचा अर्थ नाही. समजा एरवी शंभरपैकी चार जणींना होणार असेल, तर तो आकडा पाचच्या जवळ जातो. एका बाईपुरता हा फरक लहान वाटतो, पण एका तालुक्यातल्या लाखभर बायकांचा हिशेब केला तर तो लहान राहत नाही.

आपल्याकडं पूर्वी मुलीचं लग्न लवकर व्हायचं, मूल लवकर व्हायचं. आता मुली शिकतात, लग्न बाविशी-पंचविशीत होतं, आणि ते चांगलंच आहे. पण त्यामुळं पाळी ते पहिलं मूल हा काळ चार-पाच वर्षांवरून दहा-बारा वर्षांवर गेला. ही सगळी वर्षं मुलगी बापाच्या, आजोबांच्या किंवा भावाच्या धुरात अभ्यास करत काढणार की नाही, हे त्या घरानं ठरवायचं आहे.

शास्त्रज्ञांचं एकमत आहे का?

पूर्ण नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. फुफ्फुसाच्या कॅन्सरबाबत कुणालाच शंका नाही. स्तनाच्या बाबतीत मात्र मतं थोडी वेगळी आहेत. २००५ साली कॅलिफोर्नियाच्या पर्यावरण खात्यानं सांगितलं की दुसऱ्याच्या धुरानं तरुण, म्हणजे पाळी चालू असलेल्या बायकांत स्तनाचा कॅन्सर होतो. २००९ साली कॅनडातल्या तज्ज्ञांच्या समितीनंही जवळपास तेच म्हटलं, शिवाय स्वतः ओढणाऱ्यांनाही त्यात धरलं. पण अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २०१४ च्या अहवालात पुरावा ‘सूचक आहे, पण पुरेसा नाही’ असं लिहिलंय. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्थाही धूम्रपान आणि स्तनाच्या कॅन्सरचा पुरावा मर्यादित धरते.

एवढा घोळ का? एक कारण अगदी साधं आहे. तुलना करायला ‘धूर न लागलेली बाई’ सापडत नाही. जुन्या अभ्यासांत ‘कधी ओढलं नाही’ म्हणणाऱ्या सगळ्या बायकांना धूर नसलेल्या धरलं गेलं. त्यातल्या अनेकींचे नवरे आणि वडील घरातच ओढत होते. दोन्ही बाजूंना धूर असला तर फरक दिसणार कुठून? जिथं खरोखर धुराबाहेर राहिलेल्या बायका निवडल्या गेल्या, तिथं फरक जास्त स्पष्ट दिसला. त्यामुळं पक्का पुरावा येईपर्यंत घरात विडी चालू ठेवावी, असा याचा अर्थ कुणी काढू नये. दुसऱ्याच्या धुरानं हृदयविकार आणि फुफ्फुसाचा कॅन्सर होतो, हे केव्हाच सिद्ध झालंय.

सोलापुरात विडी वळली जाते, ओढली जाते आणि भाजलीही जाते

महाराष्ट्रात तंबाखूचा धूर ओढणारे त्या मानानं कमी आहेत. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत राज्यातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, पण ओढणारे फक्त ३.८ टक्के. बाकी सगळी खाण्याची आणि लावण्याची. पण सोलापूर हे विडीचं गाव आहे. पूर्व भागात, विडी घरकुलात, कुंभारीत हजारो बायका घरात बसून तेंदूच्या पानात तंबाखू भरतात. ब्रँचमधून पान, तंबाखू, दोरा आणायचा आणि वळलेल्या विड्या हजारावर मोजून द्यायच्या.

या बायकांना धूर नाही, तंबाखूची धूळ लागते. ती नाकातून आणि बोटांच्या कातडीतून आत जाते. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं विडी उद्योगातल्या कामगारांचा अनेक वर्षं अभ्यास केला, त्यात निपाणीचे तंबाखू कामगारही होते. तंबाखूला कधी तोंड न लावलेल्या कामगारांच्या लघवीत निकोटिनचे अंश मिळाले, आणि रक्ताच्या पेशींत गुणसूत्रं तुटल्याच्या खुणा इतरांपेक्षा जास्त दिसल्या. म्हणजे कार्डावर ओरखडे धुराशिवायही पडतात. यावरून विडी वळणारीला स्तनाचा कॅन्सर होतोच असं म्हणता येत नाही. पण ‘नुसतं हातानं वळते, तिला काय होतंय’ हे म्हणणंही टिकत नाही. तंबाखू मोकळ्या हवेत भरावी, स्वयंपाकघरात किंवा झोपायच्या खोलीत साठवू नये, काम झालं की साबणानं हात धुवावेत, आणि तान्ह्या लेकराला मांडीवर घेऊन विड्या वळू नयेत. पोटाचा प्रश्न आहे, काम सोडा असं सांगणं सोपं आहे. पर्यायी काम आणि मजुरी देणं ज्यांच्या हातात आहे, त्यांना ते सांगायला हवं.

दुसरी गोष्ट मिसरीची. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजतात, तेव्हा उठणारा ठसका सगळ्या घराला माहीत असतो. ती अर्धवट जळणारी तंबाखूच. भाजण्यातूनच बेंझोपायरीनसारखी रसायनं तयार होतात, काही धुरात जातात आणि काही मिसरीत उरतात. मिसरीचा पहिला फटका तोंडाला बसतो, तोंडाच्या कॅन्सरशी तिचं नातं पक्कं आहे. पण भाजताना चुलीपाशी उभी असलेली पोरगी मिसरी न लावताही धूर घेते, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

आणि ‘विडी लहान, तिचा काय धूर’ असं म्हणणाऱ्यांसाठी. विडीत सिगारेटच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढीच तंबाखू असते. पण तेंदूपानातून हवा जात नाही, विडी सारखी विझते. म्हणून जोरानं आणि पुन्हा पुन्हा झुरके घ्यावे लागतात. शेवटी निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटएवढं किंवा त्याहून जास्तच पोटात जातं.

बार्शीनं काय शिकवलं?

कॅन्सर हा शहराचा रोग, खेड्यात कुठला, असं एकेकाळी डॉक्टरही म्हणायचे. १९८७ साली बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांत माणसं फिरली, कुणाला कॅन्सर झाला, कुठल्या टप्प्यावर कळला, ते लिहून घेऊ लागली. डॉ. बी. एम. नेने आणि बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलची टीम यात पुढं होती. नोंदींवरून दिसलं की स्तनाचा कॅन्सर इथं मुंबईपेक्षा बराच कमी आहे. पण बायका दवाखान्यात यायच्या त्या गाठ मोठी झाल्यावर.

मग एक गोष्ट घडली, ती फारशी सांगितली जात नाही. नोंदणीची माणसं गावात जाऊन नुसतं बोलत होती. लक्षणं सांगत होती, लवकर आलात तर बरं होतं असं सांगत होती. काही वर्षांतच गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीच्या टप्प्यावर येऊ लागल्याचं १९९५ मध्ये जगापुढं मांडलं गेलं. कसलंही मोठं यंत्र नव्हतं. पुढं याच भागातल्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या १,३१,७४६ बायकांवर झालेल्या तपासणीच्या अभ्यासावर आज जगभरातली धोरणं आधारलेली आहेत.

स्तनाच्या बाबतीत तसाच धडा मुंबईत मिळाला. टाटा मेमोरियलनं दीड लाखावर बायकांचा वीस वर्षं पाठपुरावा केला. निम्म्या बायकांची दर दोन वर्षांनी शिकवून तयार केलेल्या महिला कार्यकर्त्यांनी फक्त हातानं तपासणी केली. २०२१ साली निकाल आला. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले होते.

त्यामुळं तिशी ओलांडलेल्या बाईनं आशाताईला विचारून आरोग्य केंद्रात छातीची तपासणी करून घ्यावी, ती मोफत असते. न दुखणारी गाठ, कातडी संत्र्याच्या सालीसारखी होणं, स्तनाग्र आत ओढलं जाणं, त्यातून रक्त येणं, काखेत गाठ, यातलं काही दिसलं तर ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ असं म्हणू नये. सुरुवातीची गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही.

विडी सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर आहे, त्यावर समजावून सांगणारी माणसं बोलतात. सोडल्यावर नवे गोळे चिकटायचे थांबतात, जुने हळूहळू निघतात आणि धोका वर्षागणिक उतरत जातो. लगेच सुटत नसेल तर निदान घरात ओढू नये. खिडकी उघडून भागत नाही, पंखा लावून तर अजिबात नाही, धूर नुसता दुसऱ्या खोलीत जातो. ओसरीवर बसून ओढली तर चालतं का, असं बरेच जण विचारतात. दार उघडं असेल तर वाऱ्याबरोबर धूर आतच येतो. अंगण ओलांडून पलीकडं जावं लागेल.